गोठ्यातली गाडी

किसनच्या नावाला राव लागला तो गाडीमुळं.

गेल्या दसऱ्यापर्यंत तो नुसता किसन होता. हरिचंदसारख्या बरोबरीच्या माणसांना तर किसन्याच. छप्पन वर्षं त्यानं त्या नावावर काढली होती आणि त्यात त्याला काही कमी पडलं नव्हतं. मग वसमतच्या बाजारात हळदीला कधी नव्हे तो भाव आला, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी नांदेडहून मोठी पांढरी गाडी आली. वापरलेली होती, पण आधीच्या मालकानं ती काळ्या काचांसकट दिली होती. गाडी गावात शिरली तेव्हा पारावर बसलेल्या चौघांपैकी तिघं उठून उभे राहिले. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. काच खाली झाली आणि आत किसन निघाला. उठलेली माणसं लगेच बसणार कशी? उठल्याचं काहीतरी कारण असायला पाहिजे म्हणून त्यातला एकजण म्हणाला, "या किसनराव."

तेव्हापासून राव चिकटला तो चिकटला.

गाडी ठेवायला जागा म्हणजे गोठा. बैल दोन वर्षांपूर्वीच विकले होते. एक खांब काढला, फरशी केली, वर नवे पत्रे टाकले आणि गाडी दावणीकडं तोंड करून उभी केली. द्वारकाबाई, म्हणजे किसनरावची बायको, जुन्या सवयीनं रोज पहाटे शेण काढायला गोठ्यात जायची, आणि काढायला काही नसल्यामुळं गाडीखाली झाडून यायची.

गाडीचे नेम कडक होते. सीटवरचं प्लॅस्टिक काढायचं नाही. चपला काढून आत बसायचं, चपला मांडीवर धरायच्या. शेतात गाडी न्यायची नाही, धूळ बसते. पावसात काढायची नाही. किसनरावला चालवता येत नव्हती, पण राव लोक चालवत नसतात असं त्याचं म्हणणं होतं. मुलगा बालाजी चालवायचा आणि किसनराव शेजारच्या सीटवर ताठ बसून समोर बघायचा. द्वारकाबाई मागं. पाच महिन्यांत गाडी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला गेली, दोन लग्नांना गेली आणि एकदा नुसतीच शिरड शहापूरच्या फाट्यापर्यंत जाऊन चहा न पिता परत आली. चहा प्यायला उतरावं लागलं असतं.

तर अशी ती गाडी गोठ्यात उभी होती, आणि शेतात किसनरावची दोन एकर हळद उघडी पडली होती.

मार्चचा पहिला आठवडा होता. सोमवारी ट्रॅक्टरनं हळद उकरली. उकरलेली हळद बायांनी वेचायची, माती झाडून ढीग घालायचा, मग ती कुकरात वाफेवर शिजवायची. कुकर भाड्यानं फिरणारा, सगळ्या गावात एक, त्याची पाळी लागलेली. किसनरावची पाळी शुक्रवारी होती. शुक्रवारी ढीग तयार नसला तर कुकर पुढच्याकडं जाणार आणि पंधरा दिवस फिरून येणार नाही. आणि मोबाइलवर शनिवारपासून पाऊस सांगून राहिले होते. मातीत उघडी पडलेली हळद भिजून तशीच पडून राहिली की संपली.

मंगळवारी सकाळी सातपासून किसनराव बांधावर उभा होता. तांड्यावरची नीलाबाईची टोळी यायची होती, सोळा बाया. आठ वाजले. नऊ वाजले. शेजारच्या शेतात हरिचंदचीही हळद अर्धी वेचून अर्धी उघडी होती. सोमवारी हीच टोळी त्याच्याकडं होती. हरिचंदचा टेम्पो तांड्याकडं गेला आणि रिकामा परत आला.

"काय झालं?" किसनरावनं विचारलं.

"माज झाला," हरिचंद म्हणाला. त्यानं टेम्पोच्या मागच्या फळीला लाथ घातली आणि निघून गेला.

किसनराव बालाजीच्या मोटरसायकलवर मागं बसून तांड्यावर गेला. रस्ता धुळीचा, म्हणून गाडी घेतली नाही.

नीलाबाईच्या दारात तिचा नवरा खेमा दोर वळत बसला होता. त्यानं पायानंच बाज पुढं सरकवली. "बसा किसनभाऊ."

राव तांड्यापर्यंत पोचला नव्हता. किसनरावनं ते मनात टिपलं आणि बसला.

"टोळी काहून न्हाई आली?"

नीलाबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. पन्नाशीची, उंच, आवाज कधी न चढवणारी बाई. तिच्यामागं शिला, विशीची पोरगी, ओढणी तोंडावर धरून.

"दाखव गं," नीलाबाई म्हणाली.

शिलानं ओढणी काढली. वरचा ओठ वांग्यासारखा सुजला होता. तिनं तो बोटानं उचलला. पुढचा दात अर्धा होता.

"हरिचंदभाऊचा टेम्पो," नीलाबाई म्हणाली. "सोळा बाया उभ्या. धरायला काय, त एकमेकीचे खांदे. स्पीड ब्रेकरवर टेम्पो उडला अन् हिचं तोंड लोखंडावर गेलं. त्याच टेम्पोत आदल्या दिशी शेळ्या गेल्या बाजारला. शेळ्या बसून गेल्या."

"मी ट्रॅक्टर पाठवतो. ट्रॉलीत बसा."

"ट्रॉलीत बसलं त बूड सडकून निघतं. हळद वेचायला बूड लागतं. गाडी हाय की तुमच्याकडं."

"कोणती?"

"किती हायेत?"

खेमा दोर वळत राहिला.

"ती गाडी तशी न्हाई, नीलाबाई."

"कशी न्हाई? चाकं न्हाईत?"

"चाकं हायेत," खेमा म्हणाला. "मी पाह्यली."

"तसं न्हाई. ती म्हंजी... बसायची गाडी हाय ती."

"आमी बी बसायचंच म्हणून राहिलो." नीलाबाईनं हातावरचं पीठ झटकलं. "आता ठरलं आमचं. उभ्यानं जायचं न्हाई कुणाच्या रानात. बसून येऊ. अन् गाडी रस्त्यावर न्हाई, दारात आली पाह्यजे."

"दारात काहून?"

"रस्त्यावर एस्टी बी येती."

मग ती मागं वळून तांड्याच्या बोलीत काहीतरी म्हणाली. आतून चार-पाच बाया हसल्या. शिलाही हसली आणि लगेच ओठ धरून बसली. काय म्हणाली ते किसनरावला कळलं नाही. गावापर्यंत तो मोटरसायकलवर त्याचाच अर्थ लावत आला.

"आबा, गाडी नेऊ का मंग?" बालाजीनं विचारलं.

"समोर बघ," किसनराव म्हणाला.

बुधवारी घरच्यांनीच वेचायला घेतली. किसनराव, द्वारकाबाई, बालाजी आणि सून मंजुषा. शिवाय फाट्यावरून किसनरावनं दोन पोरं आणली होती. एकाच्या कानात वायर होती. तो गाण्याच्या चालीवर वेचायचा, आणि हळूच्या गाण्याला हळू. दुसऱ्याला दहा वाजता फोन आला, तो बांधापलीकडं बोलायला गेला, तिकडूनच घरी गेला.

उन्हात माती तापली. हळदीचे गड्डे मातीच्या ढेकळात घट्ट बसलेले, ते आपटून सुटे करायचे, हळकुंडं मोडायची, मुळ्या ओढायच्या, टोपलं भरलं की उचलून ढिगावर टाकायचं. बसून सरकायचं, सरकून वेचायचं. अकरापर्यंत किसनरावची नखं उखडल्यासारखी दुखायला लागली. राव झाल्यापासून त्याची वाकायची सवय मोडली होती. तो दर चार टोपल्यांमागं उठून आभाळाकडं बघायचा. आभाळात काही नव्हतं. त्यामुळं तो पुन्हा बघायचा.

दुपारी बालाजीनं ओळी मोजल्या. सव्वाशेपैकी नऊ झाल्या होत्या.

"म्हंजी कवा व्हतं?" किसनराव म्हणाला.

"गुढीपाडव्याला."

कानात वायर असलेलं पोरगं जेवायला गेलं ते गेलंच. मंजुषानं डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि सासऱ्याकडं न बघता म्हणाली, "मामा, गाडीलाच आणू का वेचू लागायला? पाच महिने झाले, नुसती बसून खाऊन राहिली."

"मंजुषा," बालाजी म्हणाला.

"न्हाई, बोलू दे," किसनराव म्हणाला. "एकदा सांगतो. त्या गाडीत मजूर बसले त मंग ती गाडी राहती का?"

"मंग काय व्हती? म्हैस?"

बांधावरून हरिचंद चालला होता. त्यालाही बाया मिळाल्या नव्हत्या, पण तो स्वतः वाकला नव्हता. उद्या शाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन होतं आणि तो शाळा समितीचा अध्यक्ष होता, त्याला हार आणायला जायचं होतं. "काय किसनराव," तो थांबून म्हणाला. राव म्हणताना त्याच्या मिशीखाली हसू असायचं. "गाडी काय करून राहिली गोठ्यात? रवंथ?"

किसनरावनं ढेकूळ आपटलं.

चार वाजता द्वारकाबाई टोपलं उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. आवाज केला नाही. जमिनीकडं बघत तशीच म्हणाली, "अहो, मला उचला." मंजुषानं आणि बालाजीनं दोन्हीकडून धरलं. सरळ होईना, तेव्हा आहे त्या आकारात तिला बांधावर टेकवली. किसनराव पाण्याची बाटली घेऊन जवळ उभा राहिला.

"घरी नेऊ का?" त्यानं विचारलं.

"कशात?" द्वारकाबाई म्हणाली.

तेवढंच म्हणाली. तीस वर्षं ती या शेतात चालत आली होती आणि दसऱ्यानंतरही चालतच येत होती. गाडीत ती तीनदा बसली होती, तिन्ही वेळा मागं, चपला मांडीवर घेऊन. तिला मोटरसायकलवर बालाजी आणि मंजुषाच्या मध्ये बसवून घरी पाठवलं. वाकलेली असल्यामुळं ती बालाजीच्या पाठीला बराबर बसली.

किसनराव एकटा अंधार पडेपर्यंत वेचत राहिला. त्याची दीड ओळ झाली.

गुरुवारी सकाळी साडेसहाला गाडी गोठ्यातून निघाली. किसनरावनं प्लॅस्टिकवर पोती अंथरली, पोत्यांवर जुनी सतरंजी घातली. तो बालाजीला पुन्हा पुन्हा सांगत होता, "गावातून न्हाई जायचं. पाटाच्या रस्त्यानं जायचं, पाटाच्या रस्त्यानं यायचं. काचा वर. हॉर्न न्हाई." तो स्वतः बरोबर निघाला. तो नसता तर गाडीचं काय झालं असतं हे त्याला सांगता आलं नसतं, पण तो नसता तर काहीतरी झालं असतं, एवढं नक्की.

तांड्यावर गाडी दारात गेली. म्हातारी माणसं ओट्यावर आली. एका बाईनं आपल्या तान्ह्या लेकराला उचलून गाडी दाखवली. सोळाजणींपैकी पहिल्या खेपेला नऊ बसणार होत्या. टोपली, खुरपी, फडक्यात बांधलेल्या भाकरीच्या धडप्या, पाण्याचे कॅन. किसनराव दार धरून उभा राहिला.

"चपला," तो म्हणाला. त्याचा आवाज जरा चिरकला.

नीलाबाईनं त्याच्याकडं एकदा बघितलं, चपला काढल्या आणि हातात घेतल्या. तिचं बघून सगळ्यांनी काढल्या. कुणी कुरकुर केली नाही. किसनराव भांडणाच्या तयारीत होता, त्याला उगाच मोकळं मोकळं वाटलं.

मग नीलाबाईनं पुढचं दार उघडलं.

"तिथं मी बसतो," किसनराव म्हणाला.

"मुकादम पुढं बसतो," नीलाबाई म्हणाली. "टेम्पोत बी, ट्रकात बी. आमी कारखान्यावर जायचो तवापासून. तुमी मुकादम हाव का?"

"मी मालक हाव."

"मंग बसा कुठं बी. तुमचीच हाय."

ती पुढं बसली. बालाजी समोर बघत होता, बापानं सांगितल्याप्रमाणं.

किसनराव मागं गेला. अगदी मागं, जिथं समोरासमोर दोन बाकडी असतात. तिथं शालूबाई नावाची म्हातारी, शिला आणि आणखी दोघी होत्या. तो अंग चोरून मध्ये बसला. कुणीतरी त्याच्या मांडीवर टोपलं ठेवलं, टोपल्यात धडप्या आणि चार जोड चपला.

"भाऊ, पाय आकसा," शालूबाई म्हणाली. "खुरपं लागंल."

पाच महिन्यांत तो मागं कधी बसला नव्हता. मागं धक्के जास्त बसतात हे त्याला आज कळलं. बायांच्या हातांना हळदीचा आणि तंबाखूचा वास होता, बोटं मनगटापर्यंत पिवळी. काळ्या काचेतून बाहेरचं रान बघितलं की सगळीकडं आभाळ भरून आल्यासारखं दिसत होतं. किसनराव घाबरला. काच सरकवली की ऊन, लावली की आभाळ. त्यानं चार-पाच वेळा करून बघितलं.

"मोडंल," शालूबाई म्हणाली.

पाटाच्या रस्त्यावर पुलाच्या अलीकडं उसाची ट्रॉली आडवी पडली होती. ऊस पाटात, पाटातून पोरं ऊस काढून राहिलेली. ट्रॉलीवाला म्हणाला, दुपारपर्यंत काही हलत नाही.

"आबा?" बालाजी म्हणाला.

मागं किसनराव मांडीवरचं टोपलं सावरत होता.

"गावातून घे," नीलाबाई म्हणाली. "हळद उघडी हाय."

गावात शिरायच्या तोंडालाच शाळा. शाळेसमोर मंडप, मंडपासमोर रांगोळी आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकशे चाळीस पोरं रांगेत उभी. उद्घाटनाला साहेब येणार होते, साडेसातची वेळ दिली होती, आणि साहेब पांढऱ्या गाडीत येणार एवढीच खबर होती. वळणावर पांढरी गाडी दिसली. हलगी सुरू झाली. कुणीतरी फटाक्यांची माळ पेटवली. ती रस्त्यात पेटवल्यामुळं बालाजीला थांबावं लागलं.

हरिचंद पांढऱ्या शर्टात पुढं आला. हातात दोन्ही मुठींत मावत नव्हता एवढा झेंडूचा हार. गाडीची डाव्या बाजूची काच खाली झाली. हरिचंदला मोठ्या माणसांसमोर मान खाली घालायची सवय होती. त्यानं मान खाली घालून हात आत घातले, हार घातला, आणि तसाच वाकून म्हणाला, "या साहेब. आमचं भाग्य."

मग त्यानं वर बघितलं.

हाराच्या आत नीलाबाई होती.

हरिचंदचे हात अजून हारावरच होते. फटाके वाजतच होते. इकडं हेडमास्तरांनी साहेबांबरोबरच्या मंडळींसाठी मागचं दार उघडलं. मांडीवर टोपलं, टोपल्यात चपला, दोन बायांच्या मध्ये गुडघे पोटाशी घेतलेला माणूस त्यांना दिसला. हेडमास्तर बदलून नवीन आले होते.

"आपण पीए का?" त्यांनी विचारलं.

"मालक हायेत," शालूबाई म्हणाली. "मागं बसतेत."

पारावरची चारही माणसं तिथंच होती. किसनरावला ती टोपल्याच्या काठावरून दिसली. त्यानं टोपलं जरा वर धरलं.

नीलाबाई हार काढायच्या घाईत नव्हती. तिचं लक्ष रांगेकडं होतं. उन्हं तोंडावर आली होती. पोरं डोळे बारीक करून उभी, पुढच्या रांगेतली एक लहान पोरगी डोलत होती, मागची तिला फ्रॉकला धरून होती.

"लेकरं कवापासून उभी हायेत?"

"सातपासून," हरिचंद म्हणाला. त्याच्या तोंडून ते निघून गेलं. हार घातलेल्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायची त्याला सवय होती.

"काहून?"

"शिस्त म्हणून," हेडमास्तर मागून म्हणाले.

नीलाबाईनं मान बाहेर काढली. "बसा रे लेकरांनो," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

एकशे चाळीस पोरं मटकन खाली बसली.

हेडमास्तरांनी तोंड उघडलं, हाराकडं बघितलं आणि मिटलं. "चल बालाजी," नीलाबाई म्हणाली. हलगीवाल्यानं गाडी शाळेच्या पुढं जाईपर्यंत वाजवलं, त्याची सुपारी वाजवायची होती. खरे साहेब नऊ वाजता आले म्हणतात. पोरं बसलेलीच होती आणि घालायला हार नव्हता.

शेतात उतरल्यावर किसनराव थेट हळदीकडं निघाला. राव गेला, हे त्यानं धरूनच घेतलं होतं. कुठल्या घरापर्यंत बातमी पोचली असेल याचा हिशेब करत तो खाली बसला आणि ओळीला लागला. दुसऱ्या खेपेला तो गेला नाही. बालाजी उरलेल्या बाया घेऊन आला तेव्हा किसनरावनं मान न उचलता विचारलं, "काय म्हणून राहिले पारावर?"

"उठून उभे राहिले. काच खाली केली त इचारलं, बाई न्हाईत का आत?"

किसनरावच्या हातातलं हळकुंड कट्कन मोडलं.

नीलाबाईनं हार गाडीतल्या आरशाला अडकवला होता. तो काढ म्हणावं असं किसनरावच्या तीन-चार वेळा मनात आलं. पण टोळी कामाला लागली होती आणि त्यानं कधी बघितलं नव्हतं असं काम चाललं होतं. टेम्पोतून उतरलेल्या बाया पहिला अर्धा तास पाय चोळत असतात. आज उतरल्या त्या बसल्याच. शिला एका हातानं ओठाला ओढणी धरून दुसऱ्या हातानं वेचत होती, तरी बालाजीच्या पुढं होती. दुपारच्या भाकरीपर्यंत पंचावन्न ओळी झाल्या. किसनराव बायांच्या ओळीला ओळ लावून सरकत होता. मध्येच त्याच्या लक्षात आलं की आपण मघापासून आभाळ बघितलं नाही. मग त्यानं घाईनं बघितलं.

शुक्रवारी सकाळी गाडी गावातूनच गेली. पाटाचा रस्ता मोकळा झाला होता, पण बालाजीनं विचारलं नाही आणि किसनरावनं सांगितलं नाही. किसनराव आपणहून मागचं दार उघडून बसला. शालूबाईनं पाय आकसले.

दहाला शेवटची ओळ झाली. ट्रॅक्टरनं माल घरामागच्या आवारात आणला, तिथं पाणी होतं म्हणून कुकर तिथंच लावला होता. पहिला घाणा चढला. वाफेबरोबर हळदीचा कडवट वास आवारभर झाला. शिजलेली हळद वाफाळती खाली ओतायची, बायांनी फावड्यानं पसरायची. द्वारकाबाई भिंतीला टेकून, कमरेला पदर आवळून, हळकुंडात काडी खुपसून शिजलं की नाही ते सांगत होती. तीन घाणे झाले. चौथा उतरला तेव्हा मोबाइलवर शनिवारी यायचा होता तो पाऊस शुक्रवारी चार वाजता दिसायला लागला.

आधी वारा. मग पत्र्यांवर धूळ. मग वसमतच्या बाजूनं काळं आलं, आणि या वेळी काच कुठंच नव्हती.

"उचला," नीलाबाई म्हणाली.

"कुठं टाकायची?" मंजुषा म्हणाली. "ओसरीत कच्च्या मालाची पोती हायेत. घरात पाय ठेवायला जागा न्हाई."

सगळ्यांनी किसनरावकडं बघितलं. खरं म्हणजे सगळ्यांनी गोठ्याकडं बघितलं, किसनराव मध्ये उभा होता. नवे पत्रे, कोरडी फरशी, चारी बाजूंनी आडोसा, आणि आत दावणीकडं तोंड करून उभी असलेली गाडी. पुसलेली.

पहिला थेंब कुकरवर पडला आणि चर्रर्र झाला.

"बालाजी," किसनराव म्हणाला, "बाहेर काढ तिला."

बालाजीनं गाडी काढून आवारात कुकरच्या पाण्यानं झालेल्या चिखलात उभी केली. बायांनी रांग धरली. गरम हळदीची टोपली हातोहात गोठ्यात जायला लागली. किसनराव आत वाकून फावड्यानं पसरत होता. पायाला चटके बसत होते, घाम नाकावरून हळदीत पडत होता. फरशी भरली, दावणही भरली. शेवटचं टोपलं आत आलं आणि पाऊस असा कोसळला की समोरची चिंच दिसेना.

सात बाया ओसरीत पोत्यांवर चढून बसल्या. उरलेल्या नऊ गाडीकडं पळाल्या. दारं धडाधड लागली. किसनराव गोठ्याच्या दारात फावड्यावर हात टेकून बघत होता. प्लॅस्टिकवर पोती, पोत्यांवर सतरंजी, त्यावर ओल्या बाया. सगळ्यांनी दारात थांबून चपला काढून हातात घेतलेल्या त्यानं बघितल्या होत्या. अशा पावसात.

तेवढ्यात कुंपणाच्या फाटकातून हरिचंद आला. डोक्यावर खताची पिशवी, विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल. त्याची अर्धी हळद अजून रानात उघडी होती.

"किसनराव," तो म्हणाला. मिशीखाली काही नव्हतं. "हा दोन-चार घंट्यात उघडंल. उद्या वेचली न्हाई त सडली. टोळी टेम्पोत बसत न्हाई. गाडी देता का उद्याच्याला?"

राव बराबर लागला होता, जसा लागायला पाहिजे तसा. किसनरावनं तो ऐकला. त्याच्या तळपायांची आग होत होती आणि गोठ्यात हळदीची वाफ होती, आणि त्याला आधी हळद खालीवर करायची होती.

"मला काय इचारतो," तो म्हणाला. "मुकादमाला इचार."

"कुठं हाय?"

किसनरावनं फावड्यानं गाडीकडं दाखवलं.

हरिचंद गाडीपाशी जाऊन उभा राहिला. काळ्या काचेत त्याला आपलंच तोंड दिसलं. त्यानं काचेवर बोटानं टकटक केलं. काच चार बोटं खाली झाली. आतून भाकरीचा आणि ठेच्याचा वास आला, सुकलेला झेंडू दिसला. नीलाबाई जेवत होती.

"नीलाबाई," हरिचंद म्हणाला, "उद्याचं बोलायचं व्हतं."

पावसाचं पाणी त्याच्या पिशवीवरून मानेत जात होतं. नीलाबाईनं घास संपवला.

"उभ्यानं काय बोलता हरिचंदभाऊ. बसा की. मागं जागा हाय."

मागचं दार उघडलं. शालूबाईनं पाय आकसले, शिलानं टोपलं मांडीवर ओढून घेतलं. हरिचंदनं एक पाय आत टाकला.

गोठ्याच्या दारातून किसनरावनं तोंड उघडलं होतं. पण त्याला बोलावं लागलं नाही.

"चपला," नीलाबाई म्हणाली.

हरिचंदनं पाय बाहेर घेतला. चिखलात एका पायावर उभं राहून त्यानं चपला काढल्या, इकडं तिकडं बघितलं, आणि हातात धरून आत शिरला.